जनरलच्या हातचं पाणी

मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनाच्या पश्चिमेला नव्या घरांच्या रांगा संपतात आणि वाऱ्याला अडवायला पुढे काहीच उरत नाही. तिथं सुजित रामटेके गवत कापायचा. अजूनही कापतो. पण आता कुठल्या घरातून पाण्याचा पेला पुढे आला, की तो हसून म्हणतो, "नो वरीज, गाडीत बाटली आहे." लोकांना वाटतं, माणूस संकोची दिसतो. संकोच नाही तो. त्यामागे एक शनिवार आहे, आणि त्या शनिवारामागे एक अख्खा देश नासवून आलेला म्हातारा आहे.

सुजित भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडचा. त्याच्या आज्याला गावात तहान लागली की ओट्याच्या खाली उभं राहून ओंजळ करावी लागे, आणि वरून कुणीतरी तांब्यानं धार सोडी. धार तुटली की पाणी संपलं, तहान राहिली तर राहिली. त्याच आज्याचा मुलगा, म्हणजे सुजितचा बाप शिवराम, पुढे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर लागला. टाकीची चावी त्याच्या हातात आली. सकाळी तो सायकलवरून टाकीकडे निघाला की बाया घागरी घासायला घ्यायच्या. गावातल्या प्रत्येक घरात पाणी शिवरामच्या हातानं सुटलेलं जाई आणि सगळे ते मुकाट पीत. शिवराम त्याचा कधी गाजावाजा करत नसे. महाडच्या तळ्याची गोष्ट मात्र तो दर वर्षी विहारात सांगायचा आणि सांगताना त्याचा आवाज भरून यायचा.

या बापानं सुजितला माणूस पारखायची एकच रीत शिकवली होती. तो म्हणायचा, "बोलण्यावर जाऊ नको, बाबू. पाणी माग. देताना तो तुझ्याकडं पाह्यते का पेल्याकडं, तेवढं पाह्य. अन् एकदा का कोणाच्या हातचं पाणी पोटात गेलं, तं त्याच्याशी खोटं वागू नको. पाणी खोटं होते."

सुजित मेलबर्नला आला तो अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटी झाली, पेट्रोल पंपावरच्या शिफ्ट झाल्या, गोदामात खोकी उचलून झाली, आणि पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दिवसभर छताखाली बसून आकडे मांडणं आपल्याला जमणार नाही. त्यानं एक जुनी यूट, म्हणजे मागे मोकळा हौदा असलेली गाडी, घेतली, मागे ट्रेलर जोडला, ट्रेलरमध्ये गवत कापायचं मोठं मोव्हर ठेवलं आणि कडेचं गवत छाटायचं व्हिपर-स्निपर. मित्र हसले. "मास्टर्स करून गवत कापतोस होय रे?" सुजित म्हणाला, "गवत उलटून बोलत नाही." बायको स्वप्ना वृद्धाश्रमात नर्स होती, तिचा पगार नियमित होता. मुलगी शाल्मली शाळेत सगळ्यांना सांगायची, "माय डॅड हॅज अ ट्रॅक्टर." मोव्हरवर बसायला सीट होती, एवढंच काय ते ट्रॅक्टरपण.

हे काम त्याला मनापासून आवडायचं. वसंतात इथलं गवत वेड्यासारखं वाढतं. कमरेइतकं होतं, वाऱ्यात लाटा घेतं, आणि ऊन चढलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळं पडून कडकडीत वाळतं. मग एक ठिणगी पुरते. म्हणून उन्हाळ्याच्या आधी ते कापलंच पाहिजे असा इथला नियम. कापलेल्या गवताचा वास नाकात गेला की सुजितला गावच्या शेताच्या धुऱ्यावर उभं असल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकं चांगली होती. बहुतेक जण अंगणातल्या नळाकडे बोट दाखवायचे, कुणी प्लास्टिकची बाटली देऊन आत जायचे. त्यात अपमान कुठला? इथली रीतच तशी. पण बापानं लावलेलं माप सुजितच्या मनात चालूच असायचं, आणि इतक्या वर्षांत ते माप पुरतं भरेल असा माणूस काही भेटला नव्हता.

मग मिस्टर पॉल भेटला.

नव्या वस्तीच्या कडेला एक जुनं लाकडी घर उरलं होतं. आजूबाजूची शेतं बिल्डरांनी घेतली, या घराच्या मालकानं जागा विकली नाही, मिस्टर पॉलला भाड्यानं दिली. भोवती एकरभर गवत, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या सायप्रसच्या काळ्या रांगा, एका बाजूला पावसाचं पाणी साठवायची पत्र्याची मोठी टाकी आणि टाकीला लागून, इथं मिरीचं म्हणतात त्या झाडाखाली, एक बाकडं. फाटकाला कायम कुलूप. किराण्याची गाडी फाटकाशी पिशव्या ठेवून निघून जाई. कुलपाची दुसरी चावी एकट्या सुजितकडे होती, आणि आत यायचं तेही फक्त शनिवारी.

पहिल्या दिवशी काम झालं, मोव्हर बंद पडलं, आणि त्या एकदम पसरलेल्या शांततेत घराचं दार उघडलं. पांढरे बारीक केस, इस्त्रीचा शर्ट, जरा पोक आलेला उंच म्हातारा बाहेर आला. डाव्या हातात काचेचा जग, त्यात लिंबाच्या चकत्या. उजव्या हाताच्या बोटांत दोन पेले एकत्र पकडलेले. गवत तुडवत तो बाकड्यापाशी आला आणि ते दोन पेले सुजितपुढे धरून म्हणाला, "एक घे, पोरा." सुजितनं एक घेतला. मग म्हातारा बाकड्यावर बसला, जग मांडीवर ठेवून आधी सुजितला ओतलं, मग स्वतःला. ओततानाची त्याची नजर पेल्यावर नव्हती. सुजितच्या डोळ्यांत होती.

तेव्हापासून हाच नेम झाला. मोव्हर थांबलं की दार उघडायचं. एकदा तर बोलण्याच्या नादात म्हाताऱ्यानं सुजितचा उष्टा पेला उचलला आणि राहिलेलं पाणी पिऊन टाकलं. लक्षात आल्यावर म्हणाला, "अरेच्चा, तुझा होता काय? चालतंय, मला काही होत नाही."

सुजितनं घरी येऊन ही गोष्ट स्वप्नाला सांगितली. ती भाजी चिरत होती.

"झाली तुझी पाण्याची परीक्षा," ती म्हणाली. "पास झाला का म्हातारा?"

"हसू नकोस. माणूस सोन्यासारखा आहे."

"आमच्या वॉर्डात ये. तिथं सगळे म्हातारे एकमेकांच्या कपातला चहा पितात. सगळेच सोन्याचे म्हणायचे मग."

"तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही? माझी आजी काय बिसलेरी पीत होती?"

सुजित हसला, पण मत काही बदललं नाही. पुढच्या एका शनिवारी त्यानं म्हाताऱ्याला आज्याची ओंजळ, वरून सुटणारी धार, सगळं सांगितलं. हे त्यानं इथल्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं हातातला पेला बाकड्यावर ठेवला. मग म्हणाला, "ज्यांनी तशी धार सोडली, त्यांच्या लेकरांना आज लाज वाटायला हवी." सुजितचे डोळे भरून आले. परक्या देशात परक्या माणसानं आज्याच्या तहानेची बाजू घेतली होती. स्वतःबद्दल म्हातारा एवढंच सांगायचा, की एका लहान बेटावर सरकारी नोकरीत होतो, आता कुणी राहिलं नाही. सुजितनं खोदून विचारलं नाही. ज्याचं पाणी प्यालो, त्याची चौकशी कशाला करायची?

दोन उन्हाळे असे गेले.

तिसऱ्या वसंतात एका दुपारी घराची बेल वाजली. दारात साध्या कपड्यांतली एक उंच गोरी बाई होती. तिनं ओळखपत्र दाखवलं, नाव मेगन सांगितलं. सरकारच्या एका खास पथकाची ती अधिकारी होती. तिच्या मागे सावळी, रुंद चेहऱ्याची, साधारण सुजितच्याच वयाची दुसरी बाई उभी होती. तिचं नाव लेइनी. स्वप्नाची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं दोघींना आत बसवलं आणि चहा टाकला.

मेगननं फोनवर एक फोटो दाखवला. छातीवर पदकं, डोक्यावर टोपी, वय वीसेक वर्षांनी कमी. पण डोळे तेच. समोरच्याकडे सरळ बघणारे.

"हा वेलुआ देशाचा जनरल तामेरा," मेगन म्हणाली. "सत्ता गेल्यावर पळाला. तीन देशांतून आम्ही याचा माग काढत आलो. तुम्ही याला मिस्टर पॉल म्हणता."

सुजित म्हणाला, "चूक होतेय तुमची. हा माणूस तसा नाही."

 मग लेइनी बोलली. तिचं इंग्रजी संथ होतं, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात शिकत होता. मुलांनी मोर्चा काढला. जनरलनं ट्रक पाठवले आणि त्यांच्या गावातली तरणी मुलं ट्रकमध्ये घालून नेली. परत कुणी आलं नाही. ट्रक चालवणाऱ्यांनाही नंतर संपवलं. नवं सरकार आलं, त्यांनी डोंगर खणले, किनारे खणले, काही सापडलं नाही. मुलं कुठे पुरली हे माहीत असलेला आता एकच माणूस जिवंत होता.

"मला त्याला फाशी झालेली नकोय," लेइनी म्हणाली. "मला फक्त तो बोलायला हवा. माझ्या आईला जागा सांगायची आहे."

तिनं त्याला बाजारात लिंबं निवडताना पाहिलं होतं, महिन्याभरापूर्वी. चेहरा कितीही म्हातारा होऊ दे, ती म्हणाली, बोटं ओळखू येतात. टीव्हीवर भाषण करताना तो ती बोटं अशी नाचवायचा.

मेगननं अडचण सांगितली. जनरलच्या कमरेला कायम पिस्तूल असतं. जिवंत हाती लागणार नाही, असं त्यानं आपल्या माणसांना शपथेवर सांगून ठेवलंय. घरावर धाड घातली तर तो स्वतःला गोळी घालणार आणि त्याच्याबरोबर ती जागाही जाणार. पथकानं लांबून आठवडेच्या आठवडे पाळत ठेवली होती, पण बाजारात तो पुन्हा आलाच नव्हता. दिवसा तो आठवड्यातून एकदाच, शनिवारी सुजितसाठी, घराबाहेर बाकड्यापर्यंत येतो. त्या वेळी त्याचे दोन्ही हात भरलेले असतात. एकात जग, एकात पेले.

"मोव्हरच्या आवाजात आमची माणसं मागच्या कुंपणावरून येऊन टाकीमागे दबा धरतील," ती म्हणाली. "दारापासून बाकड्यापर्यंत सगळं उघडं आहे, तिथं त्याला गाठता येणार नाही. तो बाकड्यावर बसला की टाकी त्याच्या पाठीशी येते. आणि तुम्ही पेला घेतल्याशिवाय तो बसत नाही. तुम्ही फक्त नेहमीसारखं करायचं. पेला घ्यायचा, तो बसेल, बाकी आम्ही बघू."

"मी विचार करून सांगतो," सुजित म्हणाला.

लेइनीनं चहाचा कप उचलून दोन्ही हातांत धरला होता, पण ती प्याली नव्हती.

त्या गेल्यावर स्वप्नानं कप गोळा केले. "यात विचार काय करायचाय?" तिनं विचारलं.

"पाणी पिऊन धरून द्यायचं?"

"हो, पाणी पिऊन धरून द्यायचं! तिच्या भावाला ट्रकमध्ये कुणी पाणी विचारलं होतं का?"

"मी नाही म्हणत नाहीये गं. पण बाबा..."

"बाबा असते तर त्यांनीच पाइप घेऊन त्या जनरलला हाणलं असतं. उगाच त्यांच्या नावावर काही खपवू नकोस. पेला घे, दोन घोट पी, बाजूला हो. ड्रामा करू नकोस."

शाल्मली आतून म्हणाली, "डॅड, इज मिस्टर पॉल अ बॅड गाय?"

सुजितनं तिच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. मग त्यानं मेगनला फोन केला आणि हो म्हणून सांगितलं. मनापासून सांगितलं. पेला घ्यायचा, पाणी प्यायचं, एवढंच तर करायचं होतं. दोन वर्षं तो तेच करत आला होता.

शनिवारी आतल्या कोरड्या मुलखावरून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटला होता. सुजितनं फाटकाशी यूट लावली. म्हाताऱ्यानं खिडकीतून हात केला, तसं त्यानं आपल्या चावीनं कुलूप उघडलं. सुजितनं मोव्हर सुरू केलं. घराच्या पुढून, मग बाजूनं, मग सायप्रसच्या कडेनं त्यानं नेहमीसारख्या फेऱ्या घातल्या. मागच्या कुंपणाजवळचं उंच गवत वाऱ्याच्या उलट दिशेनं हलताना त्याला दिसलं. त्यानं मान वळवली. टाकीमागे मातीच्या रंगाचं काहीतरी सरकलं आणि स्थिर झालं. आतापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होत होतं.

मग त्यानं बाकड्याजवळ येऊन मोव्हर बंद केलं.

मॅगपाय पक्ष्याचा आवाज मोकळा झाला. पत्र्याच्या टाकीवर मिरीची डहाळी घासत होती. सुजित खाली उतरून उभा राहिला, नेहमी उभा राहायचा तिथंच. दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट. डाव्या हातात जग, उजव्या हाताच्या बोटांत दोन पेले. म्हातारा गवतावरून चालत आला. त्याची चाल सुजितनं आजवर कधी एवढी बघितली नव्हती. एक गुडघा दुखतो याचा, हे त्याच्या लक्षात आलं.

"वारा वाईट आहे आज," म्हातारा म्हणाला आणि पेले पुढे केले. "एक घे, पोरा."

हात पुढे करायचा होता. तेवढंच. त्या क्षणी सुजितच्या मनात जे झालं ते पुढे त्यानं स्वतःलाही पुष्कळदा विचारून पाहिलं. त्याला त्या माणसाची कीव आली नव्हती. भीती तर मुळीच वाटली नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच, की आज्यानं ज्याच्यासाठी आयुष्यभर ओंजळ वर धरली, ज्या पाण्यासाठी लोक चालत महाडला गेले, ते हातातून हातात येणारं पाणी समोर आहे. आणि ते घेऊन आपण खोटं करणार आहोत. पोटात खोटं घेऊन हसायचं आहे. त्याचा हात मोव्हरच्या स्टिअरिंगवर होता. तो तिथंच राहिला. उचलला जाईना.

म्हातारा थांबला.

"आज तहान नाही?" त्यानं हळूच विचारलं.

 हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं असतं तरी कदाचित चाललं असतं, आधी बाथरूमला जातो म्हटलं असतं तरी. पण तो बोलला नाही. त्यानं खाली पाहिलं. ज्या माणसानं सबंध आयुष्य लोकांचे चेहरे वाचण्यात घालवलं, कोण वाकतं आणि कोण वाकल्याचं सोंग करतं हे पाहूनच जो जगला, त्याला एवढं पुरेसं होतं. म्हाताऱ्याची नजर सुजितवरून टाकीकडे गेली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट थोडंसं हसू आल्यासारखं झालं, हिशेब बरोबर निघाल्यावर माणूस हसतो तसं.

जग पडला. पेले पडले. टाकीमागची माणसं धावत सुटली, ओरडली, पण टाकीला वळसा घालून यायला अंतर होतं. मेगननं ते अंतर आधीच सांगितलं होतं. हात मोकळा झाला होता, आणि त्या हाताला कंबर सापडायला वेळ लागला नाही.

एकच आवाज झाला. मॅगपाय उडाला.

पुढचा सगळा दिवस सुजितला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. कुणीतरी त्याला यूटच्या फळीवर बसवलं. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "यू ऑल राइट, मेट?" मेगन आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता. "योजना आमची होती," ती म्हणाली. "धोका आम्ही पत्करला होता. तुमच्यावर काहीही नाही." सुजितनं मान हलवली. तिला हे बोलणं भागच होतं, हे त्याला कळत होतं. बातम्यांत त्याचं नाव आलं नाही. इथल्या विहारात कुणाला काही कळलं नाही. एका पळून आलेल्या हुकूमशहाचा अंत, एवढंच सगळीकडे छापून आलं, आणि कितीतरी लोकांनी बरं झालं म्हटलं.

स्वप्ना त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर ती ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. शेवटी तोच म्हणाला, "तू सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली. मग समोरचं ताट उचलत, "जाऊन ये तिच्याकडे. फोन नको करूस. जाऊन ये."

लेइनी जवळच्याच सेंट ऑल्बन्सला आईबरोबर राहायची. तिनं दार उघडलं आणि सुजितला आत घेतलं. कोपऱ्यात खुर्चीवर तिची आई होती, लहानशी, गुडघ्यांवर गोधडी घेतलेली.

"का नाही घेतलास?" लेइनीनं विचारलं. रागावून नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

सुजितनं सांगितलं. आज्याची ओंजळ, बापाची टाकी, महाड, पाणी खोटं होणं. इंग्रजीत ते सगळं फार लहान वाटलं. सांगता सांगताच त्याला ते ऐकू येत होतं.

लेइनीनं शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे तू तुझं पाणी स्वच्छ ठेवलंस," ती म्हणाली.

 ती जे म्हणाली ते खरं होतं.

कोपऱ्यातून म्हातारीनं एक शब्द उच्चारला. पुन्हा तोच. लेइनीनं सांगितलं, "ती विचारतेय, कुठे." मग सुजितनं जे होतं ते दिलं. म्हातारा दोन वर्षांत जे जे बोलला ते सगळं. पावसाबद्दल काय म्हणाला, लहानपणी मासे कुठं धरायचा, कुठल्या झाडाचं लाकूड चांगलं. कुठल्या तरी वाक्यात एखादी टेकडी, एखादा रस्ता निघेल म्हणून त्यानं मन खरवडून काढलं. लेइनी आईला सांगत गेली. म्हातारी मान हलवायची आणि पुन्हा तो शब्द म्हणायची.

तो महिन्यातून एकदा जाऊ लागला. काम करता करता मध्येच मोव्हर थांबवून फोन करायचा, "त्यानं एकदा चुनखडीचं नाव घेतलं होतं." लेइनी लिहून पाठवायची, तिकडचे लोक बघून यायचे, काही नसायचं. सुजितला कळत होतं की आता आठवतंय त्यातलं निम्मं आपण मनानंच तयार करतोय. तरी तो आठवत राहिला. गुन्हेगार मेला याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पण पुढे न केलेला तो हात त्याला अजून जड वाटतो. स्वतःचा मान जपायला बाकीचं सगळं आयुष्य मोकळं होतं, तो मान नेमका त्याच क्षणी कशाला जपला? बापाचं माप खोटं नव्हतं. ते माप हातात घेऊन आपण कुणाच्या तहानेपुढे उभे आहोत, एवढंच त्यानं बघितलं नाही.

या हिवाळ्याच्या शेवटी तो गेला तेव्हा म्हातारीनं तो शब्द उच्चारला नाही. जेवण झालं, बोलणं झालं, तरी नाही. निघताना तिनं लेइनीला काहीतरी सांगितलं.

"परसात कुंपणाजवळ गवत माजलंय," लेइनी म्हणाली. "ती म्हणते, एक तुकडा अगदी मातीपर्यंत काढून देशील का? आमच्याकडे पुरलेल्या माणसाच्या उशाशी आई आपल्या अंगणातली ओंजळभर माती घालते. तिनं येताना ती आणली होती. इतके दिवस ठेवली. आता म्हणते, इथंच घालते."

"थोडं थांबा ना," सुजित म्हणाला. "अजून सापडेल."

"कोण सांगणार?" लेइनीनं विचारलं.

सुजितनं यूटमधून फावडं आणलं. मोव्हर काढलं नाही. गुडघे टेकून त्यानं माणूस आडवा मावेल एवढा तुकडा हातानंच मोकळा केला, मुळं उपटली, ढेकळं फोडली, खडे वेचून बाजूला केले. म्हातारी दारात उभी राहून बघत होती. काम झाल्यावर त्यानं हात झटकले आणि कुंपणाला टेकून उभा राहिला, लेइनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी पायऱ्या उतरून येईपर्यंत.